छिद्रातला लिक्विड क्रिस्टल खरंच मंदावतो का?

नॅनोमीटर मापाच्या छिद्रात लिक्विड क्रिस्टल कोंडला की त्याचे रेणू मंदावतात, असं सरसकट लिहिलं जातं. भिंतीला चिकटलेले रेणू मंदावतात हे खरंच आहे. पण डायइलेक्ट्रिक स्पेक्ट्रममध्ये (निरनिराळ्या वारंवारतेच्या विद्युत क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो त्याचा आलेख) शिखर कमी वारंवारतेकडे सरकलं म्हणजे रेणू मंदावला, हे अनुमान बहुतेक वेळा घाईचं असतं. कधी रेणूंची दिशा बदललेली असते, कधी नमुन्याच्या जोडणीने घोटाळा केलेला असतो. हे दोन्ही वजा केल्यावर जे उरतं ते खरं मंदावणं.

उदाहरण म्हणून ५सीबी घेऊ. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जे सायनोबायफेनिल बनवले, त्यातला हा. खोलीच्या तापमानाला टिकणारे डिस्प्ले त्यातूनच शक्य झाले. दोन बेंझिन कडी, एका टोकाला सायनो गट, दुसऱ्या टोकाला पाच कार्बनची शेपटी. लांबी सुमारे २ नॅनोमीटर, जाडी अर्धा नॅनोमीटर, आणि लांब अक्षावर सुमारे ५ डिबायचा द्विध्रुव. साधारण २४ ते ३५ °से. या पट्ट्यात तो नेमॅटिक असतो (द्रवासारखा वाहतो, पण रेणू साधारण एकाच दिशेत राहतात), वर गेलं की आयसोट्रॉपिक, म्हणजे कोणतीही ठराविक दिशा नसलेला द्रव. स्वस्त, रासायनिकदृष्ट्या टिकाऊ आणि मोजायला सोपा, म्हणून बंदिस्त लिक्विड क्रिस्टलवरचं बरंचसं साहित्य याच्यावर आणि त्याच्या भावंडांवर आहे.

भिंतीचा वाटा किती, हे प्रयोगाआधी कागदावर काढावं. भिंतीला लागून २ नॅनोमीटरचा थर धरला, तर २०० नॅनोमीटर व्यासाच्या नळीत फक्त ४ टक्के रेणू त्या थरात येतात. ४० च्या नळीत १९ टक्के, २५ च्या नळीत २९ टक्के आणि १० च्या नळीत ६४ टक्के. (थराची जाडी भागिले त्रिज्या, ते एकातून वजा करून वर्ग करायचा आणि तो वर्ग पुन्हा एकातून वजा करायचा.) त्यामुळे २०० नॅनोमीटरच्या छिद्रात मुख्य शिखर दहापट सरकलं असं दिसलं, तर भिंतीला दोष देण्याआधी जोडणी तपासावी.

आता दिशेचं बघू. ५सीबीचा रेणू विद्युत क्षेत्रात दोन मुख्य तऱ्हांनी हलताना दिसतो. क्षेत्र डायरेक्टरला (रेणूंच्या सरासरी दिशेला) समांतर असेल तर रेणूला आडव्या अक्षाभोवती कोलांटी मारावी लागते. शेजारी सगळे एका दिशेत उभे असल्यामुळे ती अवघड जाते, आणि मोकळ्या ५सीबीत तिचं शिखर काही मेगाहर्ट्झवर येतं. क्षेत्र डायरेक्टरला काटकोनात असेल तर रेणूचं नुसतं डोलणं दिसतं, ते शंभर मेगाहर्ट्झच्या वर. रेणू तोच, तापमान तेच. फरक फक्त आपण कुठून बघतो याचा.

ॲनोडिक ॲल्युमिना म्हणजे आरपार सरळ नळ्या असलेली ॲल्युमिनियम ऑक्साइडची चकती. तिच्या साध्या, प्रक्रिया न केलेल्या नळीत ५सीबीचा डायरेक्टर नळीच्या अक्षाला समांतर बसतो. चकतीच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावले की क्षेत्रही त्याच दिशेत, म्हणून मेगाहर्ट्झचं शिखर दिसतं. त्याच भिंतीला लेसिथिन लावलं की रेणू भिंतीवर काटकोनात उभे राहू पाहतात, मेगाहर्ट्झचं शिखर बुटकं होतं आणि वरच्या वारंवारतेचं उठून दिसतं. फक्त शिखराची जागा वाचणारा यातून 'लेसिथिनमुळे रेणू वेगवान झाले' असा निष्कर्ष काढेल. वेग बदललेला नसतो, आपण वेगळी हालचाल बघत असतो. त्यामुळे शिखराच्या जागेआधी त्याची उंची बघावी, म्हणजे डायइलेक्ट्रिक ताकद. ती सांगते की किती रेणू क्षेत्राच्या दिशेत आहेत.

लेसिथिन लावलं म्हणजे हवी ती मांडणी मिळाली, असंही नाही. ५सीबीचा लवचिकता स्थिरांक ५-६ पिकोन्यूटन आहे. भिंतीची पकड दर चौरस मीटरला एक लक्षांश ज्यूल धरली, तर दोघांचं गुणोत्तर ६०० नॅनोमीटरच्या घरात येतं. त्यापेक्षा बऱ्याच लहान त्रिज्येत डायरेक्टर वाकवण्याची किंमत भिंतीच्या आग्रहाहून जास्त पडते आणि तो वाकत नाही. पकड दहापट घट्ट असेल तर हीच मर्यादा ६० नॅनोमीटरवर येते. म्हणजे मोठ्या छिद्रात जमलेली प्रक्रिया लहान छिद्रात जमेलच याची खात्री नाही.

आता साच्याबद्दल, म्हणजे या सच्छिद्र चकतीबद्दल. बाजारात मिळणाऱ्या ॲनोडिस्क प्रकारच्या चकत्या ६० मायक्रॉन जाडीच्या असतात आणि त्यांवर ०.०२, ०.१ किंवा ०.२ मायक्रॉन असं छापलेलं असतं. इथे नवशिके हमखास फसतात. ०.०२ च्या चकतीत २० नॅनोमीटरची छिद्रं फक्त एका बाजूच्या पातळ सालीत असतात, उरलेली जवळजवळ सगळी जाडी २०० नॅनोमीटरच्या नळ्यांचीच असते. चकती गाळणी म्हणून बनवलेली आहे, गाळायला एवढंच पुरतं. पण तुम्ही मोजता ती सगळी जाडी. '२० नॅनोमीटरमध्येही काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष निघाला तर कारण बहुधा हेच.

खरोखर लहान आणि सरळ नळ्या हव्या असतील तर स्वतः ॲनोडाइझ करावं, म्हणजे आम्लात विद्युतप्रवाह देऊन ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढवावा. मासुदा आणि सातोह यांची १९९६ ची दोन टप्प्यांची पद्धत अजूनही चालते: ९९.९९९ टक्के शुद्ध ॲल्युमिनियम, ०.३ मोलर ऑक्झॅलिक आम्ल, ४० व्होल्ट, काही अंश सेल्सियस तापमान. पहिला थर फॉस्फोरिक आणि क्रोमिक आम्लाच्या ६० °से. च्या मिश्रणात विरघळवायचा आणि उरलेल्या खळग्यांवर दुसरा थर वाढवायचा. दोन नळ्यांमधलं अंतर दर व्होल्टला २.५ नॅनोमीटर, म्हणजे इथे १००. सल्फ्युरिक आम्लात २५ व्होल्टला ते ६५ च्या आसपास येतं आणि नळ्याही त्या मानाने बारीक मिळतात. ऑक्झॅलिकमध्ये वाढ तासाला साधारण २ मायक्रॉन, म्हणजे ६० मायक्रॉनला दिवसाहून जास्त वेळ आणि तेवढा वेळ आम्लाचं द्रावण थंड ठेवणारं चिलर. क्रोमिक आम्ल कर्करोगकारक आहे आणि पॉलिशसाठी वापरतात ते पर्क्लोरिक आम्ल-इथेनॉल मिश्रण गरम झालं तर स्फोट होऊ शकतो. ही दोन कामं एकट्याने आणि हूडबाहेर करू नयेत. १० नॅनोमीटरच्या खाली जायचं असेल तर ॲल्युमिनाऐवजी सच्छिद्र सिलिकॉन ऑक्सिडाइझ करून केलेली सिलिका किंवा व्हायकोर काच. व्हायकोरमध्ये छिद्रं वेडीवाकडी आणि एकमेकांत घुसलेली असतात, त्यामुळे दिशेचा वरचा सगळा हिशेब तिथे चालत नाही.

भरण्याआधी चकती निर्वातात २०० °से. ला रात्रभर ठेवावी. ॲल्युमिना हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी स्पेक्ट्रममध्ये स्वतःचं शिखर आणि वाहकता दोन्ही आणतं. प्लास्टिकची कडा असलेली चकती या तापमानाला वितळेल. १३ मिलिमीटरच्या बिनकडेच्या घ्याव्यात.

१३ मिलिमीटर व्यास, ६० मायक्रॉन जाडी आणि ३० टक्के सच्छिद्रता धरली तर आतली जागा सुमारे २.४ मायक्रोलिटर, म्हणजे २.४ मिलिग्रॅम ५सीबी. भरण्याआधी आणि नंतर वजन घ्यायला ०.०१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो, साधा प्रयोगशाळेतला काटा इथे निरुपयोगी. ५सीबी ५० ते ६० °से. ला, म्हणजे नक्की आयसोट्रॉपिक अवस्थेत, एकाच बाजूला थेंब ठेवून भरावा. केशाकर्षणाचा हिशेब केला तर २०० नॅनोमीटरची नळी सेकंदाच्या काही शतांशांत भरते आणि १० नॅनोमीटरचीही एखाद्या सेकंदात. मग लोक तासन्‌तास निर्वातात का ठेवतात? अडकलेली हवा आणि पाणी जायला वेळ लागतो म्हणून. दोन्ही बाजूंना एकदम थेंब टाकला तर मधे हवा कोंडते, आणि ती वजनात कमी भरल्याचं दिसेपर्यंत लक्षात येत नाही. ई७ सारखं अनेक लिक्विड क्रिस्टलांचं मिश्रण असेल तर गरम निर्वातात फार वेळ ठेवू नये. हलके घटक आधी उडतात आणि संक्रमणाचं तापमान सरकतं, मग ते सरकणं कोंडल्यामुळे की मिश्रण बदलल्यामुळे हे सांगता येत नाही. मूलभूत मोजमापाला शुद्ध पदार्थच बरा.

भरून झालं की पृष्ठभाग पुसावा लागतो, आणि हे काम वाटतं त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. दोन्ही बाजूंना एकेक मायक्रॉनची फिल्म राहिली तर ती ०.२७ मिलिग्रॅम, म्हणजे आतल्या मालाच्या ११ टक्के. आयसोट्रॉपिक तापमानाला फिल्टर पेपर दाबून, मग ब्लेड तिरकं धरून खरवडून, पुन्हा पेपर. सॉल्व्हंटचा बोळा फिरवू नये, तो नळीच्या तोंडातलाही माल ओढतो. फिल्म राहिली का हे डीएससीत (तापवताना-थंड करताना नमुन्याने घेतलेली-सोडलेली उष्णता मोजणारं उपकरण) बघायचं, पण नेमॅटिक संक्रमणाचं शिखर फार छोटं असतं. वितळण्याचं शिखर कितीतरी मोठं असतं, तेच बघावं: मोकळ्या ५सीबीच्या वितळणबिंदूवर टोकदार शिखर आलं की बाहेर माल आहे. फिल्मचा आणखी एक तोटा असा की थंड करताना ती आधी गोठते आणि तिचे स्फटिक नळीच्या तोंडातून आत शिरतात. एरवी खोलवर अतिशीतित (गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेला) राहिला असता असा नमुना मग अर्ध्यातच गोठतो.

इलेक्ट्रोड. समांतर, दोन्ही टोकांना उघड्या नळ्यांचा एक मोठा फायदा आहे: लिक्विड क्रिस्टल आणि ॲल्युमिना हे दोन समांतर जोडलेले कपॅसिटर असतात. मोजलेल्या परमिटिव्हिटीतून (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ध्रुवीकृत होतो त्याचा आकडा) ॲल्युमिनाचा वाटा वजा करायचा, सच्छिद्रतेने भागायचं, झालं. ॲल्युमिनाची परमिटिव्हिटी पुस्तकातून घेऊ नये. ती ८ ते १० च्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि ०.५ ची चूक ३० टक्के सच्छिद्रतेला उत्तरात १.२ ची होते, १० टक्क्यांना ४.५ ची. रिकामी चकती आधी मोजून त्यातून काढावी.

पण हा सरळ हिशेब टिकतो तो इलेक्ट्रोड नळीच्या तोंडाला टेकला असेल तरच. पितळी इलेक्ट्रोड आणि चकती यांच्यात एक मायक्रॉन हवा राहिली तरी काय होतं बघा. भरलेल्या चकतीची परमिटिव्हिटी ११.७ असेल तर मोजमापात ९.८ दिसते, म्हणजे १६ टक्के घट. त्याहून वाईट गोष्ट कमी वारंवारतेला होते. ५सीबीत आयन असतातच. वाहकता मीटरला एक कोट्यंश सिमेन्सच्या दहाव्या भागाएवढी धरली तरी हे आयन हवेच्या थरापाशी येऊन अडतात आणि एक हर्ट्झच्या आसपास छान गोलाकार शिखर तयार करतात. ते शिखर 'भिंतीवरच्या मंद रेणूंचं' म्हणून छापायला फार सोपं असतं. स्वतः बनवलेल्या चकतीत तळाचा बॅरियर थर काढायचा राहिला तरी हेच होतं. ४० व्होल्टला तो साधारण ५० नॅनोमीटरचा असतो आणि ५ टक्के फॉस्फोरिक आम्लात, ३० °से. ला, खालच्या बाजूने विरघळवावा लागतो. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंवर सोन्याचा थर स्पटर करणं: एक बाजू भरण्याआधी, दुसरी पुसून झाल्यावर. निर्वातात भरलेली चकती तापू नये म्हणून थोडं थोडं, थांबत थांबत.

दुसरा घोटाळा वरच्या टोकाला असतो. १३ मिलिमीटरची पूर्ण चकती इलेक्ट्रोड म्हणून वापरली तर कपॅसिटन्स २३० पिकोफॅरॅडच्या आसपास जातो. तारा आणि सेल यांचं इंडक्टन्स ०.१ मायक्रोहेन्री धरलं तर ३३ मेगाहर्ट्झला अनुनाद येतो, आणि १० मेगाहर्ट्झला आधीच सुमारे १० टक्के चूक झालेली असते. नेमकी तिथेच ५सीबीची कोलांटी. इलेक्ट्रोड ५ मिलिमीटरचा केला की कपॅसिटन्स ३४ पिकोफॅरॅड, अनुनाद ८६ मेगाहर्ट्झ, चूक दीड टक्क्याच्या आत. मोठा इलेक्ट्रोड म्हणजे चांगला सिग्नल, ही सवय इथे सोडावी. शंभर मेगाहर्ट्झच्या पलीकडचं डोलणं बघायचं तर साधा इम्पीडन्स ॲनालायझर पुरत नाही, समाक्ष सेल आणि परावर्तन पद्धतच हवी.

एवढं सगळं नीट झाल्यावर काय दिसतं? २०० नॅनोमीटरच्या नळीत मुख्य शिखर मोकळ्या ५सीबीच्या जवळच राहतं. ४ टक्क्यांच्या हिशेबाशी हे जुळतं. छिद्र लहान होत गेलं की दोन बदल होतात. शिखर रुंदावतं, कारण भिंतीपासून मध्यापर्यंत प्रत्येक थराचा वेग वेगळा असतो. आणि नेमॅटिक-आयसोट्रॉपिक संक्रमणाची उडी बोथट होते. पिंग शेंग यांनी १९७६ मध्येच सैद्धांतिक पातळीवर दाखवलं होतं, की पुरेशा पातळ थरात भिंतीमुळे हे संक्रमण सलग होऊ शकतं. १० नॅनोमीटरच्या सिलिका नळ्यांत ५सीबीच्या लांब शेपटीच्या भावंडांवर, ७सीबी आणि ८सीबीवर, ते प्रत्यक्ष दिसलं आहे: वरच्या तापमानालाही थोडा दिशाक्रम शिल्लक असतो, त्याला पॅरानेमॅटिक म्हणतात. मोकळ्या द्रवात कोलांटीचा वेळ संक्रमणापाशी एकदम उडी घेतो, इथे तो हळूहळू चढतो. या आलेखात मोकळ्या नेमॅटिकपेक्षा रेणू कुठे वेगवान दिसतात तर कुठे मंद, आणि दोन्हीचं मूळ कारण एकच: दिशाक्रम बदलला, की शेजाऱ्यांनी घातलेला अडथळा बदलतो. म्हणून रिलॅक्सेशन वेळ (म्हणजे हाच कोलांटीचा वेळ) नुसत्या तापमानासमोर न मांडता, ऑप्टिकल बायरिफ्रिंजन्समधून (प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांचा वेग किती वेगळा पडतो त्यावरून) काढलेल्या दिशाक्रमासमोर मांडावा. बरंचसं गूढ तिथेच संपतं.

८सीबीत भर पडते ती स्मेक्टिक थरांची, म्हणजे रेणू थराथरांत रचले जाण्याची. थर ३.२ नॅनोमीटरचे, आणि वेड्यावाकड्या छिद्रांत ते लांबवर जुळू शकत नाहीत, म्हणून ३३.५ °से. चं स्मेक्टिक-नेमॅटिक संक्रमण फार लवकर पुसलं जातं. चकतीच्या आकाराच्या रेणूंची गोष्ट याहून रंगतदार आहे. हे डिस्कॉटिक बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांनी सदाशिव आणि सुरेश यांच्यासोबत १९७७ मध्ये शोधले. भिंतीवर काटकोनात उभे राहू पाहणारे असे रेणू नळीत एकाआत एक कड्यांच्या रूपात जमतात, आणि एचएटी६ या रेणूत तापमान उतरताना कडी एकेक करून, पायऱ्या-पायऱ्यांनी तयार होतात, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं.

थंड करत गेलं तर स्फटिकीकरण दबतं आणि ५सीबी काचेच्या अवस्थेकडे, उणे ६५ °से. च्या आसपास, सरकत जातो. तिथे रिलॅक्सेशन वेळेचा आलेख (वेळेचा लॉग विरुद्ध उलटं तापमान) सरळ आऱ्हेनियस रेषा सोडून वाकतो. त्या वळणावर व्होगेल-फुल्चर-टामान समीकरण बसवायला किमान सात-आठ दशकांची (एक दशक म्हणजे दहापट) वारंवारता लागते, तीन दशकांवर बसवलेले आकडे छापू नयेत. वाहकतेमुळे कमी वारंवारतेची बाजू बुजते तेव्हा परमिटिव्हिटीच्या खऱ्या भागाचं लॉग-वारंवारतेनुसार अवकलन करून नुकसानाचा भाग काढावा. साधी वाहकता त्यात येतच नाही. इलेक्ट्रोड ध्रुवीकरण मात्र येतं, तेवढं लक्षात असू द्यावं.

राहिलं ते किलोहर्ट्झ आणि त्याखालचं रुंद, मंद शिखर, जे व्हायकोरसारख्या साच्यांत बऱ्याच गटांनी नोंदवलं आहे. ते भिंतीवरच्या रेणूंचं, की आयन साचण्याचं? शिखराची वारंवारता आणि वाहकता तापमानानुसार समांतर जातात का, हे लोक बघतात. पण ५सीबीत दोन्ही गोष्टी द्रवाच्या चिकटपणावरच चालतात, त्यामुळे समांतर रेषांनी काहीच सिद्ध होत नाही. वाहकता दहापट होईल इतपत टेट्राब्युटिलॲमोनियम ब्रोमाइड हे आयन देणारं मीठ मिसळून पुन्हा भरावं. शिखरही दहापट वर गेलं तर ते आयनांचं. जागचं हललं नाही तर रेणूंचं असण्याची शक्यता मोठी. मग त्याच चकतीचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घ्यावा: सायनो गटाची रेषा मोकळ्या ५सीबीत २२२६ प्रति सेंटिमीटरला असते आणि भिंतीवरच्या हायड्रॉक्सिल गटाशी हायड्रोजन बंध झाला की वरच्या बाजूला काही एककांवर खांदा उगवतो. सिलिका असेल तर हेक्झामिथिलडायसिलाझेनने, ॲल्युमिना असेल तर लांब शेपटीच्या फॉस्फॉनिक आम्लाने ते हायड्रॉक्सिल झाकून पुन्हा भरावं. इन्फ्रारेडचा खांदा आणि मंद शिखर दोन्ही एकदम गेले, तर ते शिखर भिंतीने धरलेल्या रेणूंचंच होतं.